कॅसेटची दुसरी बाजू

दाभोळच्या धक्क्याजवळ माझं दुकान. फळीवर लिहिलंय :
येथे पेट्या दुरुस्त होतील.
खारी हवा पितळेचे सूर खाते,
गणपतीच्या आधी बुवालोकांची रांग लागते,
कुणाचा पंचम घोगरा, कुणाचा भाता फाटका,
धाकटू आग्रे बुवांच्या पेटीत तर एकदा पाल निघाली,
जिवंत.

यासीन सारंग आला तो पेटीशिवाय.
नॉर्वेच्या बोटीवर पंपमन, नऊ महिन्यांनी घरी.
पिशवीतून टेप काढला.
म्हणाला, “ऐक. बोलू नको.”

आधी नगारा, लांबून घुमत जवळ येणारा,
आणि मग पियानो असा कोसळला
जसा सड्यावरचा व्हाळ
खाली काय आहे ते न बघता उडी टाकतो.
माझी बोटं सवयीनं शोधू लागली :
सां, नि, प.
वरच्या षड्जावरून अर्धी पायरी,
तिथून धैवताला न विचारता थेट पंचमावर.

“एवढंच?”
“एवढंच. पण तिकडे म्हणतात, यात आमचा डोंगर आहे.”

बोटीचा चीफ इंजिनिअर टॉर्गेर, साठीचा, लालबुंद,
हे ऐकताना मेसमध्ये रडायचा, चक्क सूप पुढ्यात ठेवून.
पियानो त्यांचा नव्हे, जर्मनांकडून आलेला.
चारशे वर्षं राजा परका, लिहायची भाषा परकी.
मग कुणीतरी त्या परक्या लाकडात
आपल्या शेतकऱ्यांच्या नाचाची टाच आपटली.
त्याच्या बापाच्या फिडलला म्हणे तारांखाली तारा,
त्यांना कुणी हात लावत नाही,
त्या आपल्याआपण झणझणतात.
“तरफा,” मी म्हटलं. “तुझ्या आडनावाला
एक वेलांटी दे, तिला असतात.”
यासीन हसला नाही.

“त्यानं मला विचारलं, तुमचं कुठलं?
मी गप्प.
नमनाचा मृदंग? तो वरच्या वाडीचा, मी नुसता बघायला जायचो.
अम्माची लोरी? अर्धी विसरलो.
बांग? ती अल्लाची, तिला गाव नाही.
तू सूरवाला माणूस. तू काहीतरी दे.”

मी समोरच्या पेटीकडे बघितलं.
ही तरी कुठली?
गोऱ्या पाद्र्यांच्या प्रार्थनेतून आली,
इथे मांडी घालून बसली,
आणि आता तिच्यावाचून एक भजन उभं राहत नाही.
मला रचता येत नाही काही.
मला येतं ते इतकंच :
टोकाशी खरवडलं की सूर चढतो,
मुळाशी खरवडलं की उतरतो,
फार खरवडलं की तुटतो.

कॅसेट उलटी केली, लाल बटण दाबलं,
आणि मी नेहमीसारखा धाकटू बुवांची पेटी जुळवत बसलो.
एकेक सूर. कानस. फुंकर. पुन्हा तोच सूर.
मध्ये धोपाव्याच्या फेरीचा भोंगा झाला,
एक कावळा झाला,
भात्याचा श्वास तर सतत.
अर्धा तास. यासीन पायरीवर बसून खाडी बघत होता.
मग बटण आपोआप उडालं.

पौषात निळं आंतर्देशीय नव्हे, जाड परदेशी पाकीट आलं.
यासीनचं अक्षर, टॉर्गेरचा प्रश्न :
मध्येच एक बाई कुणाला तरी हाक मारते,
ती कोण?
सुटीत घरी जाऊन त्यानं पियानोवर ती हाक शोधली,
सुरुवात सापडते, शेवट सापडत नाही,
दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडते.
हे तुमचं आहे का?

मी पेटी ओढून बघितलं.
माझ्याही पेटीत नाही.

रात्री बायकोला पत्र वाचून दाखवलं.
त्या दिवशी तू मागल्या दारातून ओरडलीस ना,
अवोऽ, भात निवतोय!
तिनं ऐकून घेतलं, ताट पुढे सरकवलं,
म्हणाली,
निवलाच होता.